काळी दोन, पांढरी तीन

“पांढरी तीन,” गहिनीनाथ म्हणाला आणि रुमालानं सॅक्सोफोनचं तोंड पुसू लागला. चांगुणाचे हात त्या वेळी पियानोच्या काळी चारवर होते. ते गाणं घ्यायचं म्हटलं की अकरा वर्षं ते आपोआप तिथं जाऊन बसत; तिला बघावंही लागत नसे. तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. क्लबच्या व्हरांड्यात चिमण्यांचा कालवा चालला होता, मागच्या अंगाला पाण्याचा टँकर लागला होता आणि बादल्यांचे आवाज येत होते. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. तो मिसेस कारखानीसांकडं बघत होता, आणि त्या पियानोच्या कडेला कोपर टेकून, आपल्यामुळं कुणाची अडचण तर झाली नाही ना, अशा संकोचानं हसत होत्या. “पुन्हा एकदा म्हना बरं ती वळ,” तो त्यांना म्हणाला. त्यांनी साथीशिवाय ती ओळ म्हटली. त्या गाण्याची ओळ वरून निघते, पायऱ्या उतरत खाली येते आणि शेवटच्या शब्दाला पार तळाशी जाऊन टेकते. मिसेस कारखानीसांचा आवाज तळाशी गेला आणि तिथं उघडला. चांगुणाला तो पोटात ऐकू आला. “व्हय,” गहिनीनाथ म्हणाला, “पांढरी तीनच.”

एवढंच झालं. १९७२ सालच्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, नगरच्या कॅन्टोन्मेंटातल्या क्लबात एका माणसानं एका गाण्याची पट्टी बदलली. बाई गायला आली की पट्टी बदलते, हे कुणालाही समजेल. दोघं नुसतं वाजवत होती तोवर काळी चार ठीक होती. मेजर कारखानीसांची बायको गाणार म्हटल्यावर तिच्या गळ्याप्रमाणं खाली यायला हवं. चांगुणानं स्वतःला हे सगळं तिथल्या तिथं सांगितलं. शाळेत मुलींना समजावून सांगते तसं, सावकाश, एकेक पायरी करून सांगितलं. आणि तरीसुद्धा हात उचलून पांढरी तीनवर ठेवताना बोटांच्या टोकांना काहीतरी गार लागलं, आणि मग संध्याकाळभर ते गेलं नाही.

खरं म्हणजे पियानोला कुणी काळी-पांढरी म्हणत नाही. क्लबातले साहेबलोक इंग्रजी नावं घेत. चांगुणालाही मिशनच्या शाळेत मॅडमनी तीच नावं शिकवली होती, आणि आता ती स्वतः त्याच शाळेत संगीत शिकवत होती तेव्हा तीही मुलींना तीच शिकवी. पण गहिनीनाथ काष्टीचा. देवळातल्या भजनाच्या पेटीवर लहानपणी बोटं ठेवली ती काळी-पांढरीनंच. पुढं फौजेच्या बँडात वीस वर्षं गेली, सॅक्सोफोन हातात आला, जॅझ कानावर पडलं, मेसमध्ये गोऱ्या पाहुण्यांपुढं वाजवून झालं, हवालदार होऊन पेन्शनीत निघाला आणि इथंच छावणीच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागला. तरी त्याची काळी चार ती काळी चारच राहिली. पहिल्या वर्षी चांगुणाला ते ऐकून हसू येई. मग कधीतरी तीही तसंच म्हणू लागली. एकदा वर्गात तिच्या तोंडून ‘काळी दोन’ निघून गेलं आणि मुली फिदीफिदी हसल्या. तेव्हा ती रागावली होती, पण त्या दिवशी घरी जाताना आपण चोरून काहीतरी गोड खाल्लंय असं तिला वाटत राहिलं होतं.

ती अडतीस वर्षांची होती. लग्न झालं नव्हतं. जमवायचं तेव्हा वडील आजारी, आणि वडील गेल्यावर जमवणार कोण. भिंगारला दोन खोल्यांत ती आणि आई, रंगुबाई. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन, पाच दिवस शाळा, आणि शनिवारी संध्याकाळी क्लब. एकसष्ट साली क्लबातला म्हातारा गोवेकर पियानोवाला गावी निघून गेला, तेव्हा पाद्रीसाहेबांनी तिचं नाव सुचवलं होतं. तिला उपासनेची गीतं तेवढी येत होती. पहिल्या दिवशी तिनं गहिनीनाथबरोबर जे वाजवलं ते ऐकून तो हसला नाही, हे तिच्या लक्षात राहिलं. तो एवढंच म्हणाला की बाई, तुमची मात्रा पलटणीसारखी चालती. मग त्यानं खुर्चीच्या पाठीवर हातानं ठेका धरून दाखवला. टांग्याचं घोडं चढावर चालतं तसं, एक पाऊल लांब, एक आखूड. “लंगडू द्या तिला जरा,” तो म्हणाला. महिनाभर तिला ते जमेना. रस्त्यानं जाताना ती टांगे ऐकत जाई. आणि एका शनिवारी ते जमलं, म्हणजे तिच्या हातातली मात्रा तिला न विचारता लंगडू लागली, आणि सॅक्सोफोन त्या मात्रेवर असा येऊन बसला की तिला डोळे मिटावेसे वाटले. तेच ते गाणं. त्यांच्या वहीत ते अकराव्या नंबराला होतं, म्हणून ते त्याला अकरा नंबरच म्हणत.

त्याची बायको केशरबाई काष्टीलाच असायची, तिकडं शेती आणि तीन मुलं. दर रविवारी सकाळच्या एसटीनं तो गावी जाई आणि सोमवारी पहाटे परत येई. केशरबाईनं पाठवलेली शेंगांची पुरचुंडी, कधी लसणाची चटणी, चांगुणाच्या घरापर्यंत पोचे. त्या बाईबद्दल चांगुणाला कधी काही वाटलं नव्हतं. खरोखर नव्हतं, तिनं मन तपासून पाहिलं होतं. ती एकदा नगरला दवाखान्यात आली तेव्हा चांगुणानंच तिला घरी नेऊन जेवू घातलं होतं. केशरबाईला सॅक्सोफोन म्हणजे नवऱ्याचं नोकरीतलं हत्यार वाटे. जिथं चांगुणा होती तिथं केशरबाई नव्हती, आणि जिथं केशरबाई होती तिथं जायची चांगुणाला इच्छा नव्हती. आपली जागा म्हणजे काळी चार, दुपारी साडेचार ते सात, असं तिनं कधी शब्दांत म्हटलं नसतं. पण आता ती जागा कुणीतरी विचारल्याशिवाय हलवली होती, म्हणून तिला शब्द सुचत होते.

घरी आल्यावर रंगुबाईनं तिच्यापुढं भाकरी ठेवली आणि तिच्या तोंडाकडं पाहत राहिली. आई तिसगावची, मिशनच्या बोर्डिंगात दोन इयत्ता शिकली, पण बोलणं गावचंच राहिलं. काय झालं म्हणून तिनं विचारलं. काही नाही, एक मेजरांची बायको गायला आली, असं चांगुणानं सांगितलं. चांगली गाती का, असं आईनं विचारलं तेव्हा चांगुणाला खरं बोलावं लागलं. चांगली गाते, ती म्हणाली. आणि बोलताना तिला कळलं की वाईट गात असती तर हे काहीच झालं नसतं. तिला चार वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली. स्टोव्हचा भडका उडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती. काळ्या पट्ट्या उंच आणि अरुंद, त्यांच्यावर भाजलेली जागा नेमकी घासे. तिनं त्याला विचारलं होतं की एखादा आठवडा अकरा नंबर पांढरी चारवर घेऊ या का. तो विचारात पडला होता. त्यानं सॅक्सोफोनवर हळू वाजवूनही पाहिलं, आणि मग मान हलवली. “न्हाई,” तो म्हणाला, “ह्ये गानं तिथं बसत न्हाई.” आज हे गाणं सोडून दुसरं काही वाजवू, असंही त्यानं म्हटलं होतं. पण तिनं बोटांना खोबरेल लावून, वर चिंधी गुंडाळून, काळी चारवरच वाजवलं. त्याचा तिला अभिमान होता. गाण्याला त्याची स्वतःची एक जागा असते, आणि ती जागा ज्याला ऐकू येते त्याच्याबरोबर आपण वाजवतो आहोत, हा अभिमान तिनं चार वर्षं जपला होता. आता ते गाणं एका मिनिटात उठून दुसरीकडं जाऊन बसलं होतं.

त्यात पांढरी तीन. काळी दोन असती तर तिला एवढं लागलं नसतं. काळी दोन आणि पांढरी तीन यांच्यात अंतर किती, तर अर्ध्या सुराचं. पियानोवर दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून. पण सॅक्सोफोनवर काळी दोन म्हणजे सरळ सडक, शिकाऊ पोरगं पहिल्या महिन्यात वाजवतं ती. आणि पांढरी तीन म्हणजे काटेरी कुंपणातून हात घालून वस्तू काढणं. सगळी बोटं आडवी पडतात, करंगळीला सारखं सरकावं लागतं. गहिनीनाथची डाव्या हाताची करंगळी आखडलेली होती. त्यानं आयुष्यभर पांढरी तीन टाळली होती, हे चांगुणाइतकं कुणाला माहीत होतं?

म्हणून पुढच्या शनिवारी तिनं सुचवलं. अगदी सहज, वही चाळता चाळता ती म्हणाली की काळी दोन घेतली तर दोघांनाही सोपं जाईल, अर्ध्या सुराचाच तर प्रश्न आहे. मिसेस कारखानीस लगेच म्हणाल्या की मला काही फरक पडत नाही, तुम्ही दोघं ठरवाल ती. त्यांनी मनापासून म्हटलं. त्या सगळंच मनापासून म्हणत, आणि त्यामुळं त्यांचा राग करायला कुठं धरायला जागा मिळत नसे. त्या तिला चांगुणाताई म्हणत; तुम्ही वाजवायला असलात की मला धीर येतो, असं म्हणत. त्यांच्या अंगाला कसल्याशा साबणाचा मंद वास असे. वय सत्तावीस-अठ्ठावीस, मुंबईला कॉन्व्हेंटात शिकलेल्या, केस खांद्यापर्यंत कापलेले. त्यांनी काळी दोनवर ती ओळ म्हणून पाहिली. चांगुणाच्या कानाला ती बरी वाटली. पण गहिनीनाथनं डोळे मिटले होते आणि शेवटच्या शब्दाला त्याच्या कपाळावर आठी आली. त्यांचा तळातला सूर पडतो, असं तो म्हणाला. अर्धाच तर सूर आहे, चांगुणा म्हणाली. “आर्ध्यानं बी पडतो,” तो म्हणाला. “त्यांचा आवाज जितं उघडतो ती जागा सोडून कसं चालंल? माझं मी बगतो.”

माझं मी बघतो. हे तीन शब्द चांगुणा आठवडाभर घेऊन हिंडली. फळ्यावर सूर लिहिताना, रांगेत घागर ठेवताना, आईचे पाय चेपताना ते तिच्याबरोबर होते. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. शाळेतल्या खेड्यावरून येणाऱ्या मुली एकेक करून येईनाशा झाल्या होत्या, त्यांचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते, आणि हजेरी घेताना नावापुढं शांतता पडे. चांगुणाला स्वतःची लाज वाटे. लोक पाण्यासाठी कोसभर चालतायत आणि आपण अर्ध्या सुरासाठी झुरतोय. पण लाज वाटली म्हणून ते कमी झालं नाही. उलट त्याला लपून राहायला आणखी एक जागा मिळाली. बुधवारी मधल्या सुटीत ती काही कारण नसताना स्टोअरच्या रस्त्यानं गेली. मागच्या शेडमधून सॅक्सोफोन ऐकू येत होता. गाणं नव्हतं, नुसते सात सूर, पांढरी तीनचे, खालून वर आणि वरून खाली. पाचव्या सुराला करंगळी अडे. तो थांबे. पुन्हा पहिल्यापासून. ती भिंतीच्या सावलीला उभी राहिली. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, डबा न खाता, शाळकरी पोरासारखा घोकत होता. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिला तो अडला की बरं वाटत होतं, आणि बरं वाटल्याबरोबर छातीत कळ येत होती, आणि एकदा, फक्त एकदा, तो न अडता वरपर्यंत गेला तेव्हा तिला वाटलं आपल्या हातातून कुणीतरी काहीतरी काढून घेतलं.

पुढचे सहा शनिवार असेच गेले. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. चांगुणा पांढरी तीन नीट वाजवी. तिच्या हाताला ती कठीण नव्हती. पण तिचे कान भलतीच कामं करू लागले होते. तो मिसेस कारखानीसांशी बोलताना आवाज किती खाली आणतो, श्वास घ्यायच्या जागा दाखवताना किती वेळा स्वतः तोंडानं गाऊन दाखवतो, हे ती मोजे. तो त्यांना म्हणाला की जरा लंगडू द्या, तेव्हा तिच्या हातून सूर निसटला. दोघांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं पट्टी अडकली म्हणून सांगितलं. कोरड्या हवेनं पियानोचं लाकूड तडकलं होतं, त्यामुळं ते खोटं वाटलं नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिसेस कारखानीस आल्या, हातातली पर्स खुर्चीवर टाकली आणि हसत म्हणाल्या, “चला, आपली पांढरी तीन.” गहिनीनाथ मोठ्यानं हसला. चांगुणाही हसली. तिला ते शब्द त्यांच्या तोंडून ऐकवेनात. तिनं ते त्याच्याकडून घ्यायला किती वर्षं लावली होती.

डिसेंबरच्या मध्याला लढाईच्या विजयाला वर्ष झालं म्हणून क्लबच्या हिरवळीवर चहापानाचा कार्यक्रम ठरला. हिरवळ म्हणायची एवढंच. सगळी पिवळी पडून गेली होती. पियानो व्हरांड्याच्या कडेला आणून ठेवला होता. दुपारचे चार वाजले होते, ऊन तिरपं, कपबशा वाजत होत्या, बायकांच्या साड्या खुर्च्यांवरून सांडल्या होत्या. पहिली दोन गाणी दोघांनी नुसतीच वाजवली. मग मिसेस कारखानीस उठून आल्या. त्यांनी पियानोची कड घट्ट धरली. चांगुणानं गहिनीनाथकडं पाहिलं. तो सॅक्सोफोनच्या तोंडाला बसवायची वेताची रीड ओठांत ओली करत होता. त्याचा खालचा ओठ मधोमध फुटला होता आणि तिथं रक्ताची बारीक रेघ होती. थंडीनं फुटला असेल. पण तिला शेड आठवली, सात सूर आठवले, आणि तिच्या मनात आलं, सोडवावं याला. पुढं अनेक दिवस तिनं स्वतःला हेच सांगितलं, की पहिला विचार तो होता. तो होताही. पण त्याच्या पाठोपाठ, त्याला चिकटूनच, दुसरा होता, आणि त्याला नाव द्यायच्या आत तिचे हात खाली गेले. सुरवातीच्या चार मात्रांच्या आवर्तनात पियानो एकटाच असतो. तिनं ती काळी दोनवर वाजवली.

कुणालाच काही कळलं नाही. कर्नलांच्या बायकोनं साखर ढवळली. मिसेस कारखानीस कानात पियानो भरून घेऊन, डोळे मिटून, नेमक्या जागी आत आल्या. गहिनीनाथनं मात्र पहिल्या सुरालाच मान वर केली. त्यानं तिच्याकडं पाहिलं. अकरा वर्षांत त्यानं तिच्याकडं इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं. त्या नजरेत राग नव्हता, प्रश्नही नव्हता. घरातला माणूस अंधारात धडकला तर आपण चाचपतो, कोण आहे, तसं काहीतरी होतं. मग त्यानं मान खाली घातली.

ओळ पायऱ्या उतरत तळाशी गेली आणि तिथं सूर नव्हता. मिसेस कारखानीसांचा गळा उघडला, ओठांनी शब्द केला, पण बाहेर आला तो नुसता श्वास. त्यांनी डोळे उघडले. चांगुणानं ते डोळे पाहिले. पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसे. चांगुणाला बरं वाटलं, इतकं बरं की तिला भीती वाटली. ती ओळ गाण्यात तीनदा येते. दुसऱ्यांदा ओळ उतरू लागली तेव्हा मिसेस कारखानीसांचा आवाज अर्ध्या वाटेवरच घाबरा झाला होता. त्या शेवटच्या पायरीशी आल्या, आणि आवाज संपायच्या आत, अगदी त्याच जागी, सॅक्सोफोन खालून आला. त्यानं फक्त तो एक सूर धरला. जाड, दमट, जवळजवळ माणसाचा. बाईचा श्वास त्यावर टेकला आणि त्याच्यात मिसळला. आवाज कुठं संपला आणि वाद्य कुठं सुरू झालं, ते चांगुणाला, एवढ्या जवळ बसून, सांगता आलं नसतं. तिसऱ्यांदा मिसेस कारखानीस भ्यायल्या नाहीत. त्यांना आता माहीत होतं की खाली कुणीतरी आहे. त्यांनी अंगावरचं वस्त्र सोडावं तसा आवाज हळूहळू सोडून दिला, आणि त्यानं तो घेतला. हिरवळीवर कपबशा थांबल्या होत्या. चांगुणाचे हात वाजवत होते. इतकं सुंदर त्या क्लबात कधी काही झालं नव्हतं, हे तिला पहिल्यांदा कळलं, सगळ्यांच्या आधी. आणि ते तिनंच केलं होतं.

टाळ्या थांबल्यावर मिसेस कारखानीस तिच्याकडं आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी चांगुणाचे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाल्या की माझा सूर आज कसा हो गेला, मला वाटलं मी संपलेच, आणि मग गहिनीनाथसाहेबांनी ते काय केलं. त्या जराशा थांबल्या. “तुमचं दोघांचं आधी ठरलं होतं का?”

“हो,” चांगुणा म्हणाली.

ती घरी निघाली तेव्हा उन्हं अजून भिंतींवर होती. गहिनीनाथ नेहमीप्रमाणं सायकल हातात धरून तिच्या बरोबरीनं चालला. त्याची खोली तिच्या घराच्या पुढं होती. सॅक्सोफोनची पेटी कॅरेजला बांधलेली. छावणीचं गेट मागं पडलं. सायकलची चेन खडखडत होती. चांगुणा वाट पाहत होती. त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी तिला चाललं असतं.

“तुमी काळी दोन धरली,” तो म्हणाला.

“हो.”

“चुकून न्हाई.”

तिला चुकून म्हणता आलं असतं. सवयीनं हात गेला असं म्हणायलाही नाही, कारण सवय काळी चारची होती. “नाही,” ती म्हणाली. “मुद्दाम.”

त्यानं मान हलवली. का, असं त्यानं विचारलं नाही, आणि तिला कळलं की तो विचारणार नाही. एक तर त्याला माहीत होतं, नाहीतर ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. बरंच अंतर चालून गेल्यावर तो बोलू लागला. आधी मला लई राग आला, असं तो म्हणाला. तुमच्या जागी दुसरं कुनी असतं तर मी बाजा पेटीत घालून उठून गेलो असतो. त्या बाईची काय चूक हुती? चांगुणा चालत राहिली. तिच्या चपलेत खडा गेला होता, तो तिनं काढला नाही. मग त्याची चाल मंद झाली, आणि त्याच्या आवाजातला राग कुठंतरी गळून गेला. तो तिच्याशी बोलत होता, पण तिथं नव्हता. अजून तो व्हरांड्यातच होता.

“पन मला त्यो सूर घावला नसता,” तो म्हणाला. “पांढरी तीनवर त्यांचा त्यांना हुता, मी कशाला गेल्तो मधी? त्यांचा पडला म्हनून मला जागा झाली. आमी दोघं तितं येक झालो. तुमी आइकलं न्हवं?”

“ऐकलं.”

“मग आता काळी दोनच ठिऊ.” तिच्या घरासमोर तो थांबला. रंगुबाई दारात सूप घेऊन बसली होती. त्यानं तिला वाकून नमस्कार केला. मग काहीतरी राहिलं म्हणून तो परत वळला आणि बोटं पियानोवर असावीत तशी हवेत धरून त्यानं तिला दाखवलं. “आनि त्या जागंला तुमी दोन मात्रा हात उचला. प्यानोचा सूर मधी येतो.”

आत येऊन ती पलंगावर बसली. आईनं बाहेरूनच विचारलं, कसं झालं गाणं. चांगलं झालं, ती म्हणाली. आई सूप ठेवून आत आली, तिच्याकडं बघत उभी राहिली आणि मग शेजारी टेकली. “चांगुणे,” ती म्हणाली, “रडायचं आसंल तर दार लावून घे. मी हाय भाईर.” चांगुणाला रडू येत नव्हतं. ती स्वतःचे हात बघत होती. मधी येतो. त्यानं ते वाजवण्याबद्दल म्हटलं होतं, आणि ते खरं होतं. त्या जागी पियानो नको, हे तिच्या कानालाही पटत होतं. त्याचा कान चुकत नसे. तिला त्याचाच तर आदर होता.

मेजर कारखानीसांची बदली जूनमध्ये झाली. त्याआधीचे सगळे शनिवार अकरा नंबर काळी दोनवर झालं. लोक त्यासाठी येऊ लागले, पुढच्या खुर्च्या धरून बसू लागले. पहिल्या एक-दोन वेळा चांगुणाला त्या दोन मात्रांत हातांचं काय करावं ते कळेना. तिनं ते मांडीवर ठेवून पाहिले. मग परत यायला उशीर व्हायचा. मग ती ते पट्ट्यांच्या वर, बोटभर उंचीवर, नुसतेच धरू लागली. तिथून पियानोची थंडी तळव्यांना लागे. बाईचा आवाज उतरत येई, खालून सॅक्सोफोन उठे, आणि तो एक सूर होई. तिला तो ऐकावाच लागे, कारण त्या वेळी तिला दुसरं काही काम नव्हतं. एप्रिलमधल्या एका शनिवारी तिच्या मनात आलं, आपण आत्ता हात टाकले तर? अर्धी मात्रा आधी? ते दोघं एकमेकांपासून फुटतील. तिचे हात वर तसेच होते. बाहेर टँकर आला होता आणि कुणीतरी घागर आपटली. मिसेस कारखानीसांनी डोळे मिटले होते. गहिनीनाथचे डोळे उघडे होते आणि ते तिच्या हातांवर होते, ती कधी उतरते याची वाट बघत. कारण त्याचा श्वास संपत आला होता आणि ती आल्याशिवाय त्याला तो सूर सोडता येत नव्हता. तिनं एक मोजला. तिनं दोन मोजला, पूर्ण, त्याचा जेवढा होता तेवढा. मग तिनं हात खाली ठेवले आणि गाणं पुढं नेलं.